डावी पोटरी

माहेरी गेलं की पिशवी खाली ठेवायच्या आधी आईचे पाय चेपायला बसायचं, ही माझी सवय. लग्न होऊन डहाणूला आले तेव्हापासूनची. आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. डहाणूहून चारोटी, चारोटीहून तलासरी, तिथून जीप आणि शेवटी अर्धा तास पायी. एवढं करून मी पोचायची ती घामाघूम आणि चिडलेली, कारण जीपवाला माणसं कोंबल्याशिवाय हलत नसे आणि माझ्या नाकावर तर राग लहानपणापासूनच बसलेला. आई ओटीवर असायची. ती काही विचारायची नाही, नुसते पाय पुढे करायची. मी तिच्या पोटऱ्या दाबत जीपवाल्याला, नवऱ्याला, लॅबच्या मालकाला नावं ठेवायची आणि ती डोळे मिटून 'हं, हं' करायची. तासाभराने माझा राग उतरलेला असायचा आणि तिचे पाय हलके झालेले असायचे. आम्ही मायलेकी एकमेकींशी प्रेमाचं काही बोललो असू, असं मला आठवत नाही. गरजच पडली नाही. पाय होते ना.

मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे दंड बांधायचे, शिरा शोधायच्या, नळ्या भरायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातली एक तपासणी मला पहिल्यापासून आवडते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती. तिच्यासाठी निळ्या झाकणाची वेगळी नळी असते, तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध आधीच घातलेलं असतं. रक्त यंत्रात गरगर फिरवलं की वर पिवळसर पाणी सुटतं. ते कोमट करायचं, त्यात एक रसायन टाकायचं आणि त्याच क्षणी घड्याळ चालू करायचं. मोठ्या लॅबमध्ये हे मशीन करतं. आमच्याकडे तेव्हा डोळ्यांनीच करायचो. नळी पुन्हा पुन्हा तिरकी करत बघत राहायचं. बारा-तेरा सेकंद काही होत नाही, पाणी इकडून तिकडे वाहतं, आणि मग एकदम धरतं. विरजण लागावं तसं. ते बघताना मला दर वेळी बरं वाटतं. विळा लागून बोट कापलेली बाई घरी जाऊन भाकरी थापू शकते, ती या बारा-तेरा सेकंदांच्या जोरावर.

तेच रक्त नको तिथे धरलं तर काय होतं, हेही मला ठाऊक होतं. कोर्सला शिकवलेलं, परीक्षेत लिहिलेलं, मार्क मिळवलेले. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

२०१६ च्या उन्हाळ्यात आई पडली. राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन आधी पालापाचोळा पसरून भाजतात, त्यासाठी ती डोंगरातून पाल्याचा भारा आणत होती. डोक्यावर भारा, बांधावरून पाय घसरला. डाव्या पायाचं हाड घोट्याच्या थोडं वर मोडलं. डहाणूला प्लास्टर घातलं, गुडघ्यापर्यंत, दीड महिन्याचं.

माझ्या आईच्या पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा मध्येच उठून कोंबड्या हाकणारी बाई. तिला दीड महिना ओटीवरच्या खाटेवर बसवलं. आणि माझी वहिनी इतकी मायाळू, की तिने आईला पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. मी फोनवर वहिनीचं कौतुक करायची. त्यात आईने पाणी पिणंच कमी केलं, कारण पाणी प्यायलं की एका पायावर परसात जावं लागे आणि त्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागे. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हाला खूप नंतर कळलं.

मेच्या शेवटी प्लास्टर काढलं. पुढच्या रविवारी मी गेले. आईने नेहमीसारखे पाय पुढे केले आणि मी बघतच राहिले. उजवी पोटरी नेहमीची, बारीक आणि टणक. डावी चांगली दीडपट सुजलेली, तुकतुकीत, हाताला गरम. "प्लास्टरमुळं झालंय," वहिनी म्हणाली. "प्लास्टरमुळं झालंय," आई म्हणाली. मीही तेच म्हणाले. दीड महिना कोंडलेला पाय, सुजणारच. मी मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं, मांडी घालून बसले आणि तो पाय मांडीवर घेतला.

खूप वेळ चोळला मी. घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "दुखतं, पन गोड वाटतं. जरा जोर लाव." मी जोर लावला. अर्धी वाटी तेल जिरवलं. त्या दिवशी मी कुणाला नावं ठेवली नाहीत, मला आठवतंय. तिची दया येत होती आणि ती सगळी मी हातांतून तिच्या पोटरीत ओतत होते.

सोमवारी सकाळी मी निघायच्या बेतात होते. आई परसात जाऊन आली आणि दारातच थांबली. चौकटीला धरून. मी म्हटलं, काय झालं? तिने हात छातीवर ठेवला. श्वास असा घेत होती, की जणू हवा वरच्या वर संपत होती. ओठांचा रंग बदललेला.

तेव्हा मला कोर्सचं पुस्तक आठवलं. पान आठवलं. पानावरची आकृतीसुद्धा.

पाड्यावरच्या एकाची जीप होती. तलासरीहून वापी जवळ, म्हणून वापीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स गुजराती, आईला 'बा, बा' म्हणत तिने नाकाला ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आईजवळ उभा राहिला, हिंदीत एकेक विचारायला लागला. वहिनी माझ्याबरोबर होती, पण आईला बाजारापुरती तरी हिंदी येते, वहिनीला तीही नीट येत नाही. एवढ्यात नर्सने माझ्या हातात चिठ्ठी दिली, की इंजेक्शन खालून घेऊन या, लवकर. मी धावत गेले. परत आले तेव्हा त्याचं विचारून झालेलं होतं, कागद फाइलमध्ये गेला होता.

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. मी लॅबवाली आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले, रक्त वाहतं आहे तोवर सहसा ठीक असतं. पायाच्या खोल शिरांमधलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते, आपण चाललो की ती दाबली जाते आणि रक्त वर ढकलते. दीड महिना पोटरी बसून राहिली, रक्त रेंगाळलं. त्यात हाड मोडलेलं, त्यामुळे शरीराने रक्त लवकर गोठवायची तयारी केलेलीच होती. वर पाणी कमी प्यायलेलं. आतल्या शिरेत गाठ धरली, ती वाढत वर गेली. मग तिचा एक तुकडा सुटला, हृदयातून जाऊन फुप्फुसाच्या नळीत अडकला.

"तुकडा सुटतो कशामुळे?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"आपोआप सुटू शकतो. चालताना सुटू शकतो. कुणी पाय चोळला, मालिश केली, तरी सुटू शकतो." एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मला कुणी विचारलंच नाही. मी वाट बघत होते, की आता कुणीतरी विचारेल, पाय कुणी चोळला. नर्सने नाही, डॉक्टरांनी नाही, दुपारपाळी टाकून उंबरगावच्या कारखान्यातून धावत आलेल्या माझ्या भावानेही नाही. वहिनीने तर पाहिलेलं होतं, पण तिच्या डोक्यात हे दोन प्रसंग जोडले गेलेच नव्हते. मीही सांगितलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली, की मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. चोळल्यानेच तो तुकडा सुटला की तो तसाही सुटणारच होता, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. हे मला कळत होतं. कळून काय उपयोग, हात माझे होते.

नऊ दिवस आई तिथे होती. रोज सकाळ-संध्याकाळ पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. ही औषधं गाठ विरघळवत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. ती नवी गाठ धरू देत नाहीत, आहे ती वाढू देत नाहीत. जुनी गाठ शरीर आपलं आपण हळूहळू खात जातं. फार मोठा तुकडा असला आणि रक्तदाब कोसळत असला तर विरघळवण्याचं जालीम औषध देतात, पण ते देण्याची वेळ आईवर आली नाही. इंजेक्शन चालू असतानाच गोळी सुरू केली, रोज संध्याकाळी एक, सहा महिने. गोळी कमी पडली तर रक्त पुन्हा गोठणार, जास्त झाली तर कुठूनही वाहणार. म्हणून दर थोड्या दिवसांनी तपासायचं, रक्त गोठायला किती वेळ लागतो.

तीच माझी आवडती तपासणी.

मग मी आईची पोलीस झाले. सगळा कारभार हातात घेतला. दर दुसऱ्या रविवारी पाड्यावर जायचं, रक्त काढायचं, निळ्या झाकणाची नळी डब्यात घालून डबा मांडीवर धरून चारोटीमार्गे डहाणूला यायचं. ही नळी बर्फात ठेवायची नसते, साध्या हवेतच ठेवायची असते. त्यामुळे रिकाम्या जेवणाच्या डब्यात कापूस घालून नेत असे. बसमध्ये शेजारची बाई विचारायची, डब्यात काय आणलं माहेरून? मी म्हणायची, लोणचं. लॅब बंद असायची, माझ्याकडे चावी. एकटीने बसून आईचं रक्त गोठताना बघायचं. वापीहून सुटल्यावर डहाणूतले एक डॉक्टर आईची गोळी ठरवत, त्यांना आकडा कळवायचा. निरोगी माणसाचा एक. आईचा दोन ते तीनच्या मध्ये हवा होता, म्हणजे रक्ताने दुप्पट-अडीचपट वेळ घ्यायला हवा होता.

पण तिच्या पायाला मी हात लावला नाही. गेले की ती सवयीने पाय पुढे करायची आणि मी पाय न बघता तिचा दंड बांधायला घ्यायची. पहिल्या दोन-तीन वेळा तिने पुढे केले. मग तिने करणं सोडलं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पालेभाजी आणि या गोळीचं वाकडं आहे. पालेभाजीतलं एक जीवनसत्त्व रक्त गोठवायला मदत करतं, गोळी त्याच्याच आड येते. म्हणून पालेभाजी रोज साधारण सारखी खायची, एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही, असं करायचं नाही. मी अतिशहाणी. मी विचार केला, सारखी म्हणजे किती, कोण मोजणार? त्यापेक्षा बंदच. शून्याइतकं सारखं दुसरं काय असतं? मी घरी जाऊन फर्मान काढलं, आईने सहा महिने हिरवं पान तोंडात घालायचं नाही.

आणि हे मी कधी सांगितलं, तर पावसाळ्यात. जेव्हा डोंगर फुकट वाढत असतो. कोळीची भाजी, मग टाकळा, मग कुर्डू, आमच्याकडे त्या दिवसांत ताटात दुसरं असतंच काय? शिवाय आमच्या घराची रीत आहे, नवी भाजी घरात आली की आधी देवापुढे, मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या तोंडात, आणि मगच बाकीच्यांनी खायची. आई म्हणाली, "मी नाय खाल्ली तं पोरांनी कशी खायाची?" मी म्हटलं, "जिभेला लाव नुसती. लावायची आणि थुंकायची."

"अन्न थुकू?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच थुंकले होते.  तोंडाला कुलूप.

आकडे मात्र सुंदर येत होते. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाले, इतकं स्थिर सहसा कुणाचं राहत नाही. मी फुगले. लॅबमध्ये येणाऱ्या इतर पेशंटना आईचं उदाहरण द्यायला लागले. पथ्य म्हणजे कसं, तर आमच्या आईसारखं!

ऑगस्टच्या शेवटी एका गुरुवारी लॅबची वीज गेली ती दिवसभर येणार नाही असं कळलं, म्हणून मी न कळवता पाड्यावर गेले. आई ओटीवर टाकळा निवडत होती. टाकळा तोवर निबर झालेला, म्हणून ती कोवळे शेंडे तेवढे खुडून परडीत टाकत होती. मला पाहून तिचा हात थांबला. वहिनी आतून म्हणाली, "आई, तुमचा वाटा शिजवायला टाकते," आणि बाहेर येऊन मला बघून तिचाही चेहरा उतरला.

तिचा वाटा! म्हणजे तिचा रोज वाटा होता. जून-जुलैपासून, रोज दुपारी, नाचणीच्या भाकरीबरोबर.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. परडी उचलली आणि अंगणात कोंबड्यांपुढे उपडी केली. वहिनी म्हणत होती, "ताई, मूठभरच खातात वो, जास्त नाय." मी म्हटलं, "एक पान नको म्हटलं होतं मी! परत छातीत अडकलं तर? कोण नेणार? मी मरेन आई, मला नाही जमणार परत." आवाज फाटला माझा. आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या रागाला ती कधीच भ्यालेली नाही, पण त्या दिवशी ती राग बघत नव्हती, त्याच्या मागचं काहीतरी बघत होती. मी तिच्याकडून माझी शपथ घेतली. आणि माझी आई शपथ मोडणारी नव्हे.

मधली एक फेरी हुकली. तीन आठवड्यांनी रक्त काढायला गेले तेव्हा तिच्या हातावर काळानिळा मोठा डाग होता. वासराने ढुशी दिली म्हणाली. सुई काढल्यावर कापूस दाबून धरला, एरवी दोन मिनिटं पुरतात, त्या दिवशी दहा मिनिटं लागली. दाराबाहेर तिचं सकाळचं दातवण पडलेलं होतं, त्याच्या टोकाला लाल.

"हिरड्यांतून रक्त येतंय? कधीपासून?"

"झालं चार दीस. तुला कशाला सांगायाचं, तू वरडशील."

लॅबमध्ये आले. रसायन टाकलं, घड्याळ चालू केलं, नळी तिरकी केली. पंचवीस सेकंद. तीस. एरवी इथे धरायचं. पाणी आपलं वाहतंच होतं. चाळीस. मला वाटलं रसायन खराब झालं. पन्नास. साठ. मी पुटपुटायला लागले, धर, धर गं. बहात्तराव्या सेकंदाला तिच्या रक्ताने कशीबशी बारीक जाळी धरली. माझं स्वतःचं रक्त काढून तेच रसायन वापरून बघितलं. तेरा सेकंद. रसायनाला काही झालेलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते आधी म्हणाले, डोकं दुखतंय का, उलटी, शौचाला काळं? नाही म्हटलं. "आज गोळी द्यायची नाही. उद्या घेऊन या. काही बदललं का मधे? दुसरं औषध? जेवण?"

"काही नाही. उलट पालेभाजी पूर्ण बंद केली," मी म्हटलं. थोड्या अभिमानानेच.

डॉक्टरांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं बंद करायला? मी काय सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईलाच विचारलं, "आजी, भाजी किती खात होता रोज?" आईने उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. रोज तेवढीच? रोज तेवढीच. ना जास्त ना कमी, कारण लेकीला कळेल एवढी खायची नाही आणि देवाच्या भाजीला नाही म्हणायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये तिने ती मूठ बसवलेली होती. डॉक्टर हसले. म्हणाले, "मी गोळी ठरवली ती तुमच्या मुठीवर. तुमच्या मुलीला वाटत होतं तिच्या पथ्यावर." त्यांनी चिठ्ठीवर औषधाच्या खाली लिहिलं, पालेभाजी रोज एक मूठ. मग वर बघून विचारलं, कुणाची मूठ?

"माजी," आई म्हणाली.

दोन दिवस गोळी बंद ठेवली, आकडा उतरला, मग पुन्हा जुनीच मात्रा आणि जुनीच मूठ. रानभाज्या संपल्यावर परसातल्या शेवग्याचा पाला. तो वहिनीने खुडायचा नाही, आईनेच खुडायचा, कारण वहिनीचा हात मोठा. मी काही बोलायची नाही. मी रक्त काढायची, डबा मांडीवर घ्यायची आणि निघायची. एकदा एका चोळण्याने आणि एकदा एका शपथेने मी तिला मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणली होती, दोन्ही वेळा मायेपोटी. माझ्या मायेची मलाच भीती वाटायला लागली होती.

डिसेंबरमध्ये सहा महिने झाले. पायाची सोनोग्राफी परत केली. शीर मोकळी झाली होती, आतून थोडी जाड राहिलेली. संध्याकाळी पाय जरासा सुजेल, घट्ट मोजा घालायचा, चालत राहायचं, पाणी प्यायचं. गोळी बंद. डॉक्टर शेवटचं लिहिण्यासाठी वापीची जुनी फाइल चाळत होते. आईने मधेच विचारलं, "डॉक्टर, आता कोनी पाय चेपलं तं चालल का?"

"आता चालेल, हलक्या हातानं. पण पुन्हा कधी एकच पाय असा सुजला आणि गरम लागला, तर आधी दवाखाना. स्वतः चोळत बसायचं नाही हं आजी, मागच्या वेळेसारखं."

"नाय, नाय," आई म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

चारोटीला आम्ही तलासरीच्या बसची वाट बघत होतो. दुपारचे चार. समोर हायवेवर ट्रक, मागे वडापावची गाडी. आईला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि मी फाइल उघडली. सहा महिने ती माझ्या कपाटात होती. तिच्यातले आकडे मला पाठ होते. पहिलं पान मी कधी वाचलंच नव्हतं, कारण त्यावर आकडे नव्हते. काखेत कळसा. तरुण डॉक्टरचं घाईचं इंग्रजी अक्षर: श्वास कधीपासून, छातीत कुठे दुखतं. आणि खाली एक ओळ, आदल्या दिवशी रुग्णाने स्वतः तेल लावून पाय जोरात चोळला, असं रुग्ण सांगते.

मी इंजेक्शन आणायला खाली धावले होते तेव्हाची ओळ. तिच्या ओठांचा रंग गेला होता तेव्हाची. एक शब्द बोलायला तिला दोन श्वास लागत होते आणि ते तिने यात घातले.

"आई," मी म्हटलं, "पाय मी चोळला होता."

"मना ठावं नाय काय? पाय माजाच व्हता."

"मग असं का सांगितलंस?"

"त्यो लिवत व्हता. बोललेलं मानूस इसरतं, बाय. लिवलेलं ऱ्हातं. तुजं नाव तिथं कशाला लिवू देऊ?"

मला रडू आवरेना. चारोटीच्या नाक्यावर, वडापाववाल्याच्या देखत. मी म्हणत होते, माझ्यामुळे झालं, मला कळायला हवं होतं, मी शिकलेली. तिने बोलू दिलं. मग म्हणाली, "छातीत दुखलं त्याचं मना काय नाय. पन तू हात लावाचंच सोडलंस. सा महिनं कोनी पाय धरला नाय माजा."

एवढं बोलून तिने मोजा खाली सरकवला आणि डावा पाय पुढे केला.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पाय मांडीवर घेतला. डावी पोटरी अजून उजवीपेक्षा थोडी भरलेली होती, पण गरम नव्हती. मी हलक्या हाताने, घोट्यापासून वर, दाबायला सुरुवात केली. आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने मी सकाळच्या जीपवाल्याबद्दल काहीतरी बोलायला लागले आणि ती 'हं, हं' करायला लागली. बस आली, भरली, गेली.

"दुसरी येल," आई डोळे न उघडता म्हणाली.